बांधावर भोंग्याऐवजी ढोल ठेवण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
खाणलगत गावे सुरक्षा कक्ष,
डिचोली, गोवा राज्य.

अर्जदार : रुद्रेश बाबली मळीक, कार्यवाह, श्री सातेरी बाल नाट्यमंडळ, मु. कुळणवाडा, पाळीच्या पलीकडे, ता. डिचोली.

विषय : लाल तळ्याच्या बांधावर इशाऱ्यासाठी भोंग्याऐवजी ढोल वाजविण्यास परवानगी मिळणे, काढून नेलेला ढोल परत मिळणे, तसेच मंडळास दिलेले शिस्तीचे प्रशस्तिपत्र आपण परत घेणे याबाबत.

संदर्भ : "मंडळाने आपल्या नाटकात योग्य तो बदल करून घ्यावा" असे कळविणारे आपल्या कक्षाचे पत्र. तसेच आमचे याआधीचे दोन अर्ज, ज्यांना लेखी उत्तर आलेले नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, आपल्या पत्रात "बालकांना भोंग्याचा अर्थ समजावून सांगावा" असे म्हटले आहे. साहेब, बालकांना भोंग्याचा अर्थ समजतो. आमची सगळी अडचण तिथेच आहे. ती कळायची तर मंडळाचा इतिहास आणि उद्देश आपल्यापुढे ठेवायला हवा. मागच्या अर्जांत मी तो दोन ओळींत उरकला होता, म्हणून कदाचित कोणाच्या लक्षात आला नसेल. या वेळी सगळा लिहितो. मी नववीनंतर शाळा सोडली, सरकारी मराठी कागद वाचून वाचून शिकलो. मध्ये मध्ये बोलल्यासारखे होईल, सांभाळून घ्यावे.

१. मंडळ सौ. जानकी जयराम परब यांनी काढले. गाव तिला जानकीबाय म्हणतो, पोरे मावशी म्हणतात. ती पेडण्यातल्या केरीची. तिचा बाप दशावतारी मेळ्यात गणपती व्हायचा. मुखवटा चढवून बाकड्यावर बसायचे आणि आरती संपेपर्यंत हलायचे नाही, डास चावो की घाम डोळ्यात जावो. छोटी जानकी अगदी पुढे बसून बापाकडे टक लावायची, आता हलतो, मग हलतो. तो कधी हलला नाही.

लग्न होऊन ती कुळणवाड्यात आली तेव्हा खाण नुकतीच मोठी झाली होती. नवरा जयराम सावंतवाडीकडचा, खनिज वाहणारा टिपर ट्रक चालवायला आलेला. रोज दुपारी सुरुंग उडायचे आणि त्याआधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की गावातली पोरे वाट फुटेल तिकडे पळायची. खनिजाचा रस्ता आमच्या गावाच्या पोटातून जातो, तो आपण जीपमधून पाहिलाच आहे. एका दुपारी विमला नावाची मुलगी भोंग्याला घाबरून घरातून सुटली ती टिपरखाली आली. सुरुंगाच्या दगडाने आमच्या गावात आजपर्यंत कोणी मेलेले नाही. विमला पळाली म्हणून मेली.

जानकी तेव्हा विहिरीवर होती. तिने मुलीला रस्त्याकडे जाताना बघितले आणि हाक मारली, पण भोंगा चालू होता. आपली हाक आपल्यालाच ऐकू आली नाही, असे ती अजून सांगते.

त्यानंतर गावातल्या बाया भोंग्याच्या वेळेला पोरांना बांधून ठेवू लागल्या. फणसाला, गोठ्याच्या खांबाला, जुन्या लुगड्याच्या काठाने. भोंगा झाला की वाड्यावाड्यातून पोरांच्या किंचाळ्या आणि बांधलेल्या वासरांसारखी ओढाओढ. जानकीने थोडे दिवस बघितले. मग एका दुपारी ती घरोघर गेली, काठ सोडले, आणि सगळ्यांना हाताला धरून सातेरी देवीच्या सभामंडपात घेऊन आली. तिची सासू दारातून म्हणाली, "ही केरीची आमच्या पोरांका मारतली."

२. मंडपात तिने पोरांना ओळीत उभे केले आणि एकच गोष्ट सांगितली. "भोंगो झालो की तुमचो जीव देवीकडे जाता. सुरुंग वाजलो की परत येता. मधी कोणी हलाचा नाय."

भोंगा झाला. पोरे उभी राहिली. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाच्या चड्डीतून पाणी, पण उभी. सुरुंग वाजला आणि सगळी एकदम हसायला लागली, कारण जीव परत आला होता. दुसऱ्या दिवशी बोलवायला जावे लागले नाही.

मग उभे राहून राहून कंटाळा येऊ नये म्हणून तिने एकाला झाड केले, एकाला राजा, एकीला समई. त्यातून नाटके आली. आमच्या प्रत्येक नाटकात भोंग्याची जागा असते. दैत्याने तलवार उगारली की भोंगा, सगळे पुतळे, मग सुरुंग, मग तलवार खाली. त्यासाठी आमची नाटके भर दुपारी होतात. आधी आजूबाजूचे गाव हसले, मग जत्रेला बघायला यायला लागले. एकदा माझा काका कुत्र्याच्या पार्टात एक पाय वर करून होता आणि खाणीवर काहीतरी बिघाड झाला, सुरुंग उडायला फार वेळ लागला. काका पडला नाही. त्याला अजून लोक "खांबार मुतलो नाय तो" म्हणून ओळखतात.

मंडळाच्या घटनेत उद्देश असा लिहिला आहे : "बालकांच्या कलागुणांना वाव देणे." ते नोंदणीसाठी. खरा उद्देश एवढाच की भोंगा झाल्यावर कुळणवाड्यातले पोर जिथे असेल तिथे उभे राहावे. विमलेनंतर आमचे एकही पोर टिपरखाली गेले नाही. पुढे ती पोरे मोठी झाली, त्यांची पोरे मंडळात आली. मीही मंडळातलाच. आज खाणीच्या वजनकाट्यावर काम करतो, आणि भोंगा झाला की चिठ्ठी हातात धरून थांबतो. टिपरवाले हसतात आणि वाट बघतात.

३. आपल्या कचेरीतील कारकुनांनी मला विचारले होते की मंडळ कोंकणीवाल्यांचे की मराठीवाल्यांचे, म्हणजे अर्ज कुठल्या फायलीत लावायचा. भाषेचे आंदोलन चालू होते तेव्हा दोन्हीकडचे लोक हेच विचारायला मंडपात आले होते. आमची पोरे संवाद मराठीत म्हणतात आणि भांडतात आपल्या भाषेत. जानकीबाय तेव्हा त्यांना म्हणाली होती, "भोंग्याक भास नाय. तुमी बसा, आयकून जावा." ते बसले, भोंगा झाला, उठून गेले. तरी अर्ज कुठल्याही फायलीत लावावा, पण लावावा.

४. आता मूळ तक्रार. गावाच्या वरच्या अंगाला खनिज धुतलेले पाणी आणि गाळ साठवतात. आम्ही त्याला लाल तळे म्हणतो. बांध मातीचा आहे. त्याच्या गावाकडच्या बाजूला भर उन्हाळ्यातही ओली जागा आहे आणि ती दर वर्षी थोडी मोठी होते. हे आपल्या कक्षानेही मान्य केले आणि बांध फुटण्याची भीती असल्यास गावाला इशारा देण्याची सोय केली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण नवीन साधन उपलब्ध नाही म्हणून सुरुंगाचाच भोंगा दिला. ठरले असे की एक भोंगा म्हणजे सुरुंग, थांबा. लागोपाठ तीन भोंगे म्हणजे बांध, पळा.

आपण एप्रिलमध्ये चाचणीला आला होता. चाचणी आहे हे आधीच कळवले होते, म्हणून मोठी माणसे देवळामागच्या टेकडीवर चढली. पोरे मंडपासमोर, ओढ्यात, आंब्याखाली, जिथे होती तिथे उभी राहिली. आपण आमच्या सुविधाच्या डोळ्यासमोर हात हलवून बघितला. ती सात वर्षांची आहे, समईचा पार्ट करते. तिची पापणीही हलली नाही. आपल्याबरोबरचे साहेब हसले. नंतर मंडळाला चौकटीतले प्रशस्तिपत्र आले, "इशाऱ्याच्या प्रसंगी बालकांनी दाखविलेल्या आदर्श शिस्तीबद्दल".

साहेब, ती शिस्त टेकडीवर हवी होती. पोरे खाली होती.

आणखी एक गोष्ट. चाचणीच्या दिवशी तीन भोंगे ठरले असताना एकच झाला, म्हणून बांधावरचा राखणदार सागर याला कंपनीने मेमो दिला आहे. सागर मंडळाच्या पहिल्या तुकडीतला. भोंगा हाताने फिरवायचा आहे. त्याने पहिला भोंगा केला आणि दांडा हातात धरून उभा राहिला. मी त्याला विचारले, बाबा रे, तुझ्याच हातातला भोंगा ना? तो म्हणाला, "हात माझोच. पण आवाज झालो की तो माझा आयकना नाय." त्याला दोन पोरे आहेत, दोन्ही मंडळात. त्याच्याइतका त्या तीन भोंग्यांचा विचार कोणी करत नसेल. घरी तो रिकामा दांडा फिरवून बघतो, एक, दोन, तीन. घरी जमते.

५. आपल्या पत्राप्रमाणे नाटकात बदल करून बघितला, हे नमूद करतो. जानकीबायने नवे नाटक बसवले, भोंगा झाला की सगळ्यांनी पळायचे. तिला ते लिहिताना त्रास झाला, पण बसवले. पोरांना ओढून, ढकलून, खाऊ दाखवून पळायला शिकवले. चौथ्या की पाचव्या तालमीला जमले. भोंगा झाला आणि पोरे पळाली.

तो रोजचा सुरुंगाचा भोंगा होता. पोरे खनिजाच्या रस्त्यावर गेली. समोरून भरलेला टिपर येत होता. ब्रेकचा आवाज गावाने ऐकला. टिपरचे नाक सुविधाच्या परकराला लागून थांबले.

टिपर जयरामचा होता. तो गाडी रस्त्यातच सोडून मंडपात आला. बायकोला म्हणाला, "जानके, तू पोरांका थांबूक शिकयलंस म्हणून मी इतकी वर्सां गाडी चालयतंय. धावूक शिकयशीत तर मी गाडयेर बसाचंय नाय."

ते नाटक बंद केले. एकाच आवाजाला पोराने रोज थांबायचे आणि एक दिवस पळायचे, हे आपल्या मुलाला तरी जमेल का, एवढे आपण बघावे. हे उद्धटपणाने लिहिलेले नाही.

६. या महिन्याच्या सुरुवातीला जे झाले ते कंपनीने "किरकोळ पाझर" असे कळविले असेल. आम्ही तिथे होतो. दुपारची तालीम चालू होती. सुरुंग होऊन गेले होते. परत भोंगा झाला, एकच. जानकीबायला वाटले चुकून झाला. तेवढ्यात मंडपाच्या फरशीवरून लाल पाणी आले. जाड पाणी, चिखलच, आवाज न करता आले.

पोरे उभी होती. ती ओरडली, पळा, टेकडीर पळा. पोरे उभीच. तिने जवळच्या दोघांना धरून ओढले तर ती ओढली जाईनात. लाकडासारखी झाली होती. ज्या अंगाला तिने कडक व्हायला शिकवले तेच अंग तिला उचलून न्यायचे होते. तिने एकेकाला कवेत घेऊन देवळाच्या वरच्या पायरीवर ठेवले, परत आली, परत घेतले. मी काट्यावरून धावत आलो... खरे लिहायचे तर, भोंगा झाल्यावर लगेच आलो नाही. माझा पाय सुटल्यावर आलो. तोवर पाणी घोट्यावर होते. मग तिथेच थांबले, देवीची कृपा.

सुविधाला ती सगळ्यात शेवटी घेऊन आली. मुलीचे हात समईसारखे वर होते. पायरीवर ठेवल्यावरही तिने हात खाली घेतले नाहीत. बऱ्याच वेळाने ओठ न हलवता तिने विचारले, "मावशे, सुरुंग अजून खय वाजलो?"

जानकीबाय तिथे पायरीवर बसली ती उठेना. तिच्या तेव्हा लक्षात आले आणि मग तिने आम्हाला सांगितले. पोरांचा जीव परत येतो तो सुरुंगाच्या आवाजाला. बांध फुटेल तेव्हा भोंगा होईल, पोरे थांबतील आणि आवाजाची वाट बघतील. मग आवाज होईल. तो बांधाचा असेल. पोरे त्या आवाजाला हलतील.

७. त्यानंतर आम्ही काय काय केले ते आपल्या माहितीसाठी :

जानकीबायने मंडपात पत्रा टांगला आणि भोंगा झाल्यावर त्यावर मुसळ मारून सुरुंगासारखा आवाज केला. पहिल्या दिवशी पोरे हलली. दुसऱ्या दिवशी सुविधा म्हणाली, "तो पत्रो, मावशे," आणि कोणीच हलले नाही.

मग आम्ही कंपनीच्या इंजिनियरांना लेखी विनंती केली की इशाऱ्याचा भोंगा झाल्यावर लगेच एक सुरुंग उडवावा, म्हणजे पोरे सुटतील. ते भले गृहस्थ आहेत, चहा दिला, कागदावर चित्र काढून दाखविले. बांध कमकुवत असताना जवळ सुरुंग उडवला तर बांध त्याच सुरुंगाने जाईल. मी ते चित्र जानकीबायला नेऊन दाखवले. तिने ते घडी घालून मला परत दिले.

८. शेवटी ढोल. ही कल्पना सागरच्या बायकोची. शिगम्याला, म्हणजे आमच्या होळीच्या सणाला, ढोल वाजला की गावातली सगळी पोरे हातातले टाकून देवळामागच्या टेकडीवर धावतात, कारण शिगम्याचा मांड, म्हणजे खेळाची जागा, तिथेच असतो आणि पहिल्या ढोलाला जाईल त्याला गूळ-खोबरे मिळते. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. ती वाट खनिजाच्या रस्त्यावरून जात नाही, मागच्या पोफळीच्या कुळागरातून जाते.

आम्ही न सांगता एका सकाळी प्रयोग केला. सागरने बांधावरून ढोल वाजवला. त्याचा हातही थांबला नाही. पोरे टेकडीवर अशी गेली की तान्ह्या भावंडांना काखेत मारून गेली. म्हातारीकोतारी पोरांच्या मागे शिव्या देत चढली. जानकीबाय मंडपात एकटी राहिली होती. तिने सगळीकडे फिरून बघितले, आंब्याखाली, ओढ्यात, विहिरीवर. एकही पोर नव्हते. तेव्हा ती रडली.

तो ढोल आम्ही बांधावर सागरच्या झोपडीत ठेवला. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या पहारेकऱ्यांनी "खाण हद्दीत विनापरवाना वस्तू" म्हणून काढून नेला. तो सध्या वजनकाट्याच्या खोलीत आहे, माझ्याच टेबलाच्या मागे, वर चिठ्ठी लावलेला. मी रोज त्याच्याकडे पाठ करून बसतो. पहिल्या अर्जात आम्ही परवानगी मागितली. आपल्या कक्षातून तोंडी कळले की ढोल हे मान्य इशारा-साधनांच्या यादीत नाही. ते यादीत कसे घालावे याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे कोणी सांगितले नाही.

९. दरम्यान एका संस्थेचे आमंत्रण आले आहे. ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाल्याला वर्ष होते, त्या कार्यक्रमात पणजीला आमच्या पोरांनी "भोंगा आणि पुतळे" हा खेळ करावा. भोंगा स्टेजवर आणणार आहेत. जानकीबाय नको म्हणाली. पण गावातल्या आयांनी मला गाठून विचारले की सगळीच पोरे नेता येतील का, पार्ट नसलेलीही, पाळण्यातलीही, आणि तो कार्यक्रम पाऊस संपेपर्यंत चालू ठेवता येईल का. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दोघींनी पोरांचे कपडे बांधून ठेवले आहेत.

१०. तरी साहेबांना नम्र विनंती की :

बांधावर ढोल ठेवण्यास व तो इशाऱ्यासाठी वाजविण्यास तातडीने लेखी परवानगी द्यावी आणि आमचा ढोल परत करण्यास कंपनीला सांगावे. बांधाच्या इशाऱ्यासाठी भोंगा वाजवू नये, एकदाही नाही, तीनदाही नाही. सागरचा मेमो मागे घ्यावा. आणि प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते मंडपात लावले होते. पोरे त्याच्याकडे बघून आणखी ताठ उभी राहतात.

ओली जागा आता बांधाच्या पायापर्यंत आली आहे. काल तिच्यातून बारीक धार लागली, करंगळीएवढी. पाणी लाल होते, म्हणजे बांधाची माती घेऊन येते आहे, हे त्याच इंजिनियरांनी सांगितले. आज त्यांचे कुटुंब म्हापशाला गेले.

हा अर्ज मी जानकीबायला वाचून दाखवला. फार लांब झाला म्हणाली. मी म्हटले, तू एका वाक्यात सांग, तसे लिहितो. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहितो :

"साहेबांका म्हणा, एकदा येवा. भोंगो करूक सांगा, आणि एका पोराक हाताक धरून टेकडीर वोडून न्हेवा. एकाकच. मगे खाली वळून बघा, अजून किती उभी असत."

आपले उत्तर भोंग्याच्या आधी यावे एवढीच आशा धरून,

आपला नम्र,
रुद्रेश बाबली मळीक
कार्यवाह, श्री सातेरी बाल नाट्यमंडळ, कुळणवाडा

दिनांक : १७ मे १९८८

सोबत :
प्रशस्तिपत्र, मूळ, चौकटीसह.
आपल्या कक्षाच्या पत्राची प्रत.
इंजिनियरांनी काढलेले बांधाचे चित्र.